राणीछाप मुशीत कशाला?

चांदी भाव खाऊ लागली की गावोगावच्या लोखंडी पेट्या उघडतात. २०२५ साली चांदी किलोमागे एक लाखाच्या पुढे गेली आणि आजीच्या काळापासून चिंधीत गाठ मारून ठेवलेल्या राणीछाप रुपयांची घरोघरी आठवण झाली. हिशेब सोपा आहे. राणीछाप रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापानं ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. लाखाचा भाव धरला तर एका रुपयात निव्वळ चांदीचेच हजारावर रुपये होतात. वीस नाण्यांची पुरचुंडी निघाली तर वीस हजार. पेरणीच्या तोंडावर किंवा पोरीची फी भरायच्या तारखेला ही रक्कम लहान नसते. सराफ वजन करतो, घासून कस बघतो, पैसे मोजतो आणि रुपये मुशीत जातात.

विकणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. ज्याच्या घरी नड आहे त्याला वारशाची व्याख्यानं देऊ नयेत. तक्रार वेगळीच आहे. तो रुपया आटण्याआधी नेमका कोणता आहे हे पाहावं, दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, कुठल्या गावातून आला ही एक ओळ लिहून ठेवावी, अशी सोय अहिल्यानगर जिल्ह्यातल्या साध्या माणसाच्या वाटेत कुठंच येत नाही. आणि जमिनीत नाणी सापडली तर कायदाच असा आहे की, माणसाला कलेक्टर कचेरीपेक्षा मूस जवळची वाटावी.

जुन्या इंग्रजी नाण्यांचा छंद म्हटलं की जाणकारांच्या तोंडी पहिल्यांदा येतो तो ‘क्राउन’. पाच शिलिंगांचं हे नाणं आठव्या हेन्रीनं १५२६ मध्ये सोन्यात पाडलं. १५५१ पासून, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, ते चांदीतही येऊ लागलं. व्हिक्टोरियाच्या वेळचा चांदीचा क्राउन २८.२८ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या रुपयाच्या जवळपास अडीचपट. १८४७ चा ‘गॉथिक क्राउन’ आठ हजारांच्या आसपासच निघाला. राणीच्या वेणीचा पेड न् पेड, झग्यावरचं भरतकाम, जुन्या वळणाची अक्षरं यांसाठी संग्राहक आजही त्याच्यावर जीव टाकतात. याउलट १९६५ साली चर्चिलच्या स्मरणार्थ काढलेला क्राउन एक कोटी नव्वद लाखांहून जास्त पाडला गेला, तोही तांबं-निकेलचा. लोकांनी तो हौसेनं जपून ठेवला आणि म्हणूनच त्याला आज फारसं कुणी विचारत नाही. जपून ठेवलं की महाग होतंच, असं समजणाऱ्यांनी चर्चिलसाहेबांकडे एकदा पाहावं.

क्राउन नगरच्या बाजारात चलन म्हणून कधी फिरला नाही. इथं फिरला तो रुपया. पण दोघांमागचा हात एकच आहे. गॉथिक क्राउन घडवणारा विल्यम वायन हाच १८४० च्या कंपनी सरकारच्या रुपयावरच्या तरुण राणीचा कारागीर. काही रुपयांवर राणीच्या मानेच्या कापावर ‘डब्ल्यू डब्ल्यू’ ही त्याची आद्याक्षरं भिंगातून दिसतात. लंडनच्या लिलावात ज्याच्या कामावर चढाओढीनं बोली लागते, त्याचंच काम पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या म्हातारीच्या रुपयांच्या माळेत, कडी डाखलेल्या अवस्थेत, सापडू शकतं.

हा रुपया येण्याआधी नगरच्या पेठेत किती तऱ्हेची नाणी होती! निजामशाहीचे तांब्याचे फलूस होते. १६०० मध्ये किल्ला मोगलांकडे गेल्यावर अकबर-जहांगीरच्या नावाचे, ‘अहमदनगर’ टांकसाळीचा शिक्का असलेले चांदीचे रुपये पडले. पुढे मराठी अंमलात तर टांकसाळी उदंड, आणि कोणत्या रुपयाला किती बट्टा हे सराफ सांगेल तेच खरं. १२ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला, १८१८ नंतर मुलूख कंपनीकडे गेला आणि १८३५ पासून कंपनीनं आपल्या सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया काढला. सराफांचं बट्ट्याचं गणित हळूहळू बसलं आणि रुपया हेच वजनाचं माप झालं. ऐंशी रुपयांचा एक शेर. घरात तराजू असला आणि वजनं नसली तरी अडत नसे.

जिल्ह्याचं नाव बदललं, त्यावर वाद झाले, पुढेही होतील. नाण्यांना त्यात पडायचं कारण नाही. जहांगीरच्या रुपयावर जुनं नाव आहे ते राहणारच. आणि ज्यांचं नाव जिल्ह्याला दिलं त्या अहिल्याबाईंचा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या या लेकीचा, महेश्वरच्या टांकसाळीतला रुपया पाहिला तर त्यावर दिल्लीच्या शाह आलम बादशहाचं नाव आहे आणि सोबत शिवलिंग व बेलाचं पान. त्या काळचं राज्य कसं चालत होतं हे त्या एका रुपयावरून जेवढं कळतं, तेवढं नामांतराच्या बाजूनं किंवा विरोधात केलेल्या भाषणांतून कळलेलं नाही.

आता पुन्हा राणीछापाकडे. राणीछापांत ज्याच्यापाशी थांबावं असा रुपया १८६२ चा, आणि बहुतेक जण पाहतात न पाहतात तो बाजूला सारतात. ‘बासष्टचाच आहे, मिळतात ढीगभर.’ मिळतात, कारण १८६२ हे साल १८७४ पर्यंत नाण्यावर तसंच ठेवलं गेलं. साल थांबलं, टांकसाळ चालूच राहिली. मग मुंबईच्या टांकसाळीनं एक युक्ती केली. नाण्याच्या मागच्या बाजूला, सालाच्या खाली आणि मजकुराच्या वर, सुईच्या टोकाएवढे ठिपके उठवले. कुठे किती ठिपके आहेत त्यावरून तो रुपया कोणत्या वर्षीचा, याचा माग काढता येतो. दिव्याखाली भिंग धरून ठिपके मोजत बसलेला माणूस घरच्यांना अर्धवट वाटतो. तो अर्धवट नसतो.

त्या बारा वर्षांत नगर जिल्ह्यात काय झालं ते आठवावं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, इकडच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. चांदी दख्खनेत आली. सावकार मोकळ्या हातानं कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा मात्र वाढला आणि कर्ज अंगावर राहिलं. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला ठिणगी पडली आणि लगोलग पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. इतिहासाच्या पुस्तकांत हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून येतं. आता समजा, श्रीगोंद्याच्या एखाद्या पडक्या वाड्याच्या भिंतीतून ‘१८६२’ च्या रुपयांचा हंडा निघाला. ठिपके मोजले आणि त्यांतलं शेवटचं नाणं १८६५ च्या सुमाराचं निघालं, तर तो कापसाच्या चढत्या दिवसांतला पैसा. शेवटचं नाणं १८७४ चं असेल तर दंग्याच्या तोंडावर कुणीतरी घाईनं लपवलेली पुंजी, असा तर्क करायला जागा आहे. तेच रुपये सुटे सुटे विकले गेले, तर उरते ती चांदी, भावाप्रमाणे.

ही नाण्यांच्या ठेव्याची गंमत आहे, आणि ती आपल्याकडे एकदा फार मोठ्या प्रमाणावर दिसली आहे. १९०६ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथं तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एकत्र सापडली. क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला होता. सातकर्णीनं नहपानाला हरवलं याचा इतका रोखठोक पुरावा शिलालेखातही मिळणार नाही. एकेक नाणं वेगळं मिळालं असतं तर ते एक कुतूहल ठरलं असतं. ढीग एकत्र होता, मोजला गेला, म्हणून तो इतिहास झाला.

१९११ चा रुपयाही हातात घेऊन पाहण्यासारखा आहे. पंचम जॉर्ज गादीवर आला, नवी नाणी निघाली, आणि बादशहाच्या झग्यावरच्या साखळीतला बारीकसा हत्ती लोकांना डुक्कर वाटला. सोंड आखूड कोरलेली, बाकी काही नाही. पण बोभाटा झाला. पाडलेल्या सुमारे ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखांच्या आसपासच बाहेर गेले होते. उरलेले सरकारनं आटवले आणि पुढच्या वर्षी सोंड नीट दिसेल असा हत्ती कोरून घेतला. घरात जॉर्जछाप रुपये असतील तर आधी साल पाहावं, मग हत्ती.

मग १९१८. महायुद्धानं चांदीचा असा तुटवडा झाला की आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरअखेर सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. सोनं हाताशी होतं, म्हणून लंडनच्या रॉयल मिंटची एक शाखा मुंबईत उघडली गेली आणि तिथं बारा लाख नव्वद हजारांहून जास्त गिन्न्या पडल्या. गिन्नीवर साल फक्त १९१८. गिन्नी ७.९८८ ग्रॅमची, बावीस कॅरटची, मागे घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि त्याच्या पायाशी ड्रॅगन; हे चित्र बेनेडेटो पिस्त्रुची यानं १८१७ मध्ये कोरलं आणि पुढच्याच वर्षी ते क्राउनवरही आलं. मुंबईची गिन्नी ओळखायची खूण एवढीच की, ड्रॅगनच्या पायाखालच्या जमिनीवर, सालाच्या जरा वर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर असतं. दुर्मिळातली दुर्मीळ नव्हे, पण इंग्रजी अंमलात आपल्या मातीत पडलेली लंडनची गिन्नी एवढी एकच. मंगळसूत्राच्या वाट्या करायला गिन्नी मोडताना ते अक्षर कुणी बघत नाही.

त्याच १९१८ च्या १५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, शिर्डीत साईबाबांनी देह ठेवला. त्याआधी त्यांनी लक्ष्मीबाई शिंदे यांना आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले, ही गोष्ट जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. धातूच्या हिशेबानं नऊ तोळ्यांचा मामला. पण कुणी दिले, कुणाला दिले, कुठे आणि कधी, हे सांगता येतं म्हणून त्यांना किंमत करता येत नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी नाणेसंग्रहातला पहिला धडा हाच आहे. नाण्याला त्याचा पत्ता लागतो.

राणीछाप इतके घराघरांत का दडले, याचं उत्तरही सरकारी धोरणात आहे. दुसऱ्या महायुद्धात चांदी पुन्हा कमी पडली. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली, राणीछाप रुपये सरकारनं परत मागवले आणि १९४१ पासून ते चलनातून बाद झाले. नेहरू आणि त्यांचे सहकारी १९४२ मध्ये नगरच्या किल्ल्यात डांबले गेले, तोवर बाहेर लोकांनी खणखणीत रुपये कधीच उतरंडीत आणि भिंतीत सारले होते. चांगला पैसा लपतो आणि हिणकस फिरतो, हे कळायला कुणाला अर्थशास्त्र लागलं नाही. सहाव्या जॉर्जचा जुन्या कसाचा १९३९ चा रुपया तर आज भारतीय नाण्यांत फार दुर्मीळ मानला जातो.

तेव्हा लपवलेलं आज निघतं: घर पाडताना, विहीर खणताना, जेसीबी फिरताना. आणि इथं १८७८ चा निखात निधीचा कायदा आडवा येतो. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपये! १८७८ मध्ये ती रक्कम मोठी होती. कायद्यातला आकडा आजही तोच आहे. कळवलं नाही तर वर्षापर्यंत तुरुंग. आणि कळवलं, व सरकारनं तो ऐवज घ्यायचं ठरवलं, तर मिळणार काय? धातूची किंमत आणि तिच्यावर एक पंचमांश. ‘अहमदनगर’ टांकसाळीचा जहांगिरी रुपया संग्राहकाकडे धातूच्या कितीतरी पट किमतीला जातो, हे ज्याला ठाऊक आहे तो कचेरीची पायरी चढेल का? ज्याला ठाऊक नाही तो पोलिसाच्या भीतीनं चढणार नाही. दोघांचाही रस्ता मुशीकडे जातो, आणि रात्रीच जातो.

ज्या इंग्रजांनी आपल्याला हा कायदा दिला त्यांनी स्वतःच्या घरचा बदलला. इंग्लंड-वेल्ससाठी १९९६ मध्ये नवा कायदा झाला. सापडलेल्या ठेव्याची बाजारभावानं किंमत स्वतंत्र समिती ठरवते, संग्रहालयाला हवा असेल तर ते तेवढे पैसे मोजतं आणि ते सापडणारा व जमीनमालक यांच्यात वाटले जातात. १९९७ पासून ठिकठिकाणी असे अधिकारी नेमले गेले की, शेतात काही सापडलं तर थेट त्यांच्याकडे न्यावं, ते नोंद करून घेतात. त्याआधीही तिथं बक्षीस देण्याची रीत होती. १९९२ मध्ये सफकमधल्या हॉक्सने गावी एरिक लॉज नावाचा निवृत्त माणूस मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला धातुशोधक यंत्र घेऊन शेतात गेला आणि त्याला रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी व दागिने लागले. थोडं उकरलं आणि तो थांबला, कळवून मोकळा झाला. अभ्यासकांनी येऊन बाकीचं जसंच्या तसं काढलं. नाणीच पंधरा हजारांच्या आसपास. त्याला साडेसतरा लाख पौंड मिळाले. हातोडाही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

तो माणूस थांबला, कारण थांबण्यात आपलं नुकसान नाही याची त्याला खात्री होती. आपल्या जिल्ह्यात प्रामाणिकपणा कमी आहे असं मुळीच नाही. १९७४ मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उकरताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले, चारही मिळून साठ किलोंहून जड. ते भंगाराच्या काट्यावर गेले नाहीत, अभ्यासकांपर्यंत पोचले, म्हणून दायमाबादचं नाव आज जगभरच्या पुरातत्त्वाच्या ग्रंथांत आहे. पण दर वेळी लोकांच्या चांगुलपणावर हवाला ठेवून कायदा झोपा काढू शकत नाही. एक पंचमांशाची तरतूद काढून तिथं बाजारभाव घालावा, दहा रुपयांची मर्यादा आजच्या पैशात आणावी, आणि ठराविक मुदतीत पैसे मिळाले नाहीत तर ऐवज परत करावा. संसदेला एका दुपारचं काम आहे.

तोवर जिल्ह्यात जे होऊ शकतं ते करायला कुणी अडवलेलं नाही. नगर शहरात १९६० पासूनचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय व संशोधन केंद्र आहे, त्यात नाणीही आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. या दोन्हींच्या मदतीनं तालुक्याच्या गावी, बाजाराच्या दिवशी, एक टेबल मांडता येईल. लागतं काय? नाजूक काटा, भिंग, मोबाईल आणि एक वही. माणसानं घरची नाणी आणावीत, वजन, साल, ठिपके, गाव टिपून घ्यावं, दोन फोटो काढावेत आणि नाणं त्याच्या हातात परत द्यावं. नंतर त्यानं ते विकलं तरी नोंद उरते. सराफ मंडळींनीही आटणीआधी दोन फोटो काढले तर त्यांच्या धंद्यात काडीचा फरक पडणार नाही. उलट दहा-वीस हजारांत एखादं नाणं चांदीच्या भावापेक्षा जास्त देऊन जाईल.

त्या टेबलावर आणखी दोन गोष्टी फुकटात सांगता येतील. एक, मोबाईलवर येणारे ‘हे नाणं द्या, लाखो मिळवा’ हे निरोप बहुतेक फसवणुकीचे असतात. आपल्या नावानं असे पैसे उकळले जात आहेत, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. व्यवहाराआधी ‘फी’ मागणारा गिऱ्हाईक नसतो. दुसरी, लक्ष्मीपूजनाला ताटात मांडायचे रुपये चिंच आणि रांगोळीनं घासू नयेत. दर दिवाळीला थोडी थोडी झीज होऊन राणीचे केस सपाट होतात, मुकुटावरचं काम पुसतं, ठिपके तर आधी जातात. काळपट रुपया संग्राहकाला आवडतो, चकचकीत नाही. साधं पाणी, मऊ फडकं, झालं.

यावर एक रास्त शंका निघेल. गावात अशी यादी झाली की कुणाकडे काय आहे हे चोराला आयतंच कळेल, आणि आयकर खात्यालाही. शंका खोटी नाही, लोक याच भीतीनं नाणी दाखवत नाहीत. म्हणून वहीत माणसाचं नाव लिहायचंच नाही. गाव, तारीख, नाणं आणि ते घरात कसं आलं याची माणूस सांगेल तेवढी हकिकत, एवढं अभ्यासाला पुरतं. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या दंग्यांच्या तालुक्यांपासून सुरुवात केली तर बासष्टच्या रुपयांवरचे ठिपके मोजायला एक दिवाळीआधीचा महिना पुरे.